नऊ, किंचित उजवीकडे

मी खोटं फारसं बोलत नाही. त्यात भलेपणा काही नाही, मला ते जमतच नाही. तोंडावर बोलून मोकळी होते आणि मग माणसं महिना महिना माझ्याशी बोलत नाहीत. आमच्या पाद्रीबुवांना मी त्यांच्याच टेबलावर जेवताना सांगितलं होतं की तुमचं प्रवचन लांबतं आणि तुमच्या बायकोचे बटाटे कच्चे राहतात. अशी मी, लेम्पी. एवढ्या आयुष्यात एकदाच लबाडी केली, तीही तोंडाने नाही, अंगठ्याने.

त्र्याहत्तर सालचा ऑगस्ट होता. उत्तरेकडच्या देशांची पळत्या मूसवरची, म्हणजे आमच्या रानातल्या दांडग्या सांबरावरची नेमबाजी, तिची अजिंक्यपद स्पर्धा त्या वर्षी आमच्या लौतासुओला भरली. लौतासुओत आहे काय? दोन दुकानं, एक लाकूड कापायची गिरणी, आणि डास. पण आमच्या शिकारमंडळाचं नेमबाजीचं मैदान झकास होतं, गावकऱ्यांनी स्वतः सिमेंट कालवून बांधलेलं, म्हणून मान मिळाला. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, सगळ्यांचे लोक आले. शाळेच्या वर्गांत खाटा टाकल्या. आम्ही बायकांनी वाटाण्याच्या सुपाचे हंडे चढवले ते तीन दिवस उतरवलेच नाहीत.

माझा नवरा कालेर्वो फिनलंडकडून खेळणार होता. बोलायला कमी, हसायला बरा, गिरणीत फळ्या मोजणारा माणूस. या स्पर्धेत तो चार वेळा दुसरा आला होता, आणि चारही वेळा पहिला आला तो स्वीडनचा सिक्स्टेन. त्यातही दोनदा दोघांचे गुण सारखे झाले आणि फेरलढतीत आमचा हरला. त्यामुळे गावाने त्याचं नाव ठेवलं चांदी. दुकानात शिरला की कोणीतरी म्हणणारच, “काय चांदी, यंदा काय आणतोस? आमच्या घरी चांदीचे चमचे कमी पडतायत रे.” तो हसायचा. माझ्या मात्र अंगाची लाही लाही व्हायची. त्याला सेहेचाळिसावं चालू होतं. पुढच्या वर्षीपासून संघात तरुण मुलं घ्यायची हे ठरून गेलं होतं. म्हणजे आत्ता सोनं मिळालं तर मिळालं, नाहीतर जन्माची चांदी.

खेळ साधा आहे, म्हणजे सांगायला साधा. शंभर मीटरवर कागदाचा मूस, खऱ्याएवढा, घोड्यापेक्षा उंच. तो रुळावरच्या गाड्यावर उभा. एका भिंतीआडून निघतो आणि दुसऱ्या भिंतीआड गडप होतो. मधे मोकळी जागा तेवीस मीटर, त्याला लागतात पाच सेकंद. तेवढ्यात रायफल खांद्याला लावायची, त्याच्या छातीच्या पुढे पुढे नेम सरकवत न्यायचा आणि हात न थांबवता गोळी सोडायची. छातीवर वर्तुळं काढलेली असतात. अगदी मधल्या वर्तुळाचे दहा, त्याच्या बाहेर नऊ, असं.

आणि एक रीत आहे. गोळी सुटल्यावर, गुण दिसायच्या आधी, नेमबाजाने मागे बसलेल्या आपल्या माणसाला सांगायचं की ती कुठे लागली. तो वहीत लिहितो. मग मूसजवळच्या खंदकातून गुण वर येतात, तेही तो शेजारी लिहितो. चांगल्या नेमबाजाचे दोन्ही आकडे बहुतेक वेळा जुळतात. कालेर्वोचे नेहमी जुळायचे. बहुतेक नाही, नेहमी. “आठ, खाली,” म्हणाला की आठ, आणि खाली. त्याच्या मागे वही घेऊन बसायचा आर्मास, आमच्या शिकारीचा म्होरक्या आणि कालेर्वोचा शाळेपासूनचा दोस्त. आर्मास म्हणायचा, “या गाढवाला दुर्बीण कशाला? याच्या पोटातच आहे.” सिक्स्टेनसुद्धा म्हणायचा की खंदकातली माणसं घरी पाठवा, कालेर्वोला विचारा आणि फळ्यावर लिहा.

आता मी खंदकात कशी गेले ते. भिंतीआड, जिथे गाडा येऊन थांबतो, तिथे खंदकात दोन माणसं बसतात. एक यजमान गावचा, एक पाहुण्या देशाचा. भोक शोधायचं, काठीवरच्या तबकडीने गुण दाखवायचे, भोकावर कागदाची टिकली चिकटवायची, गाडा परत सोडायचा. आमच्या डाव्या खंदकातल्या माणसाला शेवटच्या दिवशी सकाळी गांधीलमाशी डोळ्यापाशी चावली, डोळा भोपळ्यासारखा सुजला. आता ऐन वेळी कोण? पंधरा वर्षं नवऱ्याच्या सरावाची भोकं मीच बुजवत आले होते, सगळ्या गावाला ठाऊक. “लेम्पी, जा गं, सूप आम्ही बघतो,” म्हणून मला पाठवलं. खेळणाऱ्याच्या बायकोने खंदकात बसू नये असं नियमात कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहिणारे सगळे पुरुष, त्यांच्या डोक्यातच आलं नसणार.

माझ्याबरोबर नॉर्वेचा ओड्वार होता. म्हातारा, सज्जन, ओठाखाली तंबाखूची गोळी. आम्हाला एकमेकांची भाषा येत नव्हती, बोटांवर भागवत होतो. कोण खेळतोय हे खंदकातून दिसत नाही, कोणी येऊन सांगतही नाही. पण मला कोण सांगायला हवं होतं? कालेर्वो मूसला रुळालगतच्या तिसऱ्या खांबापर्यंत जाऊ द्यायचा, मगच सोडायचा. बाकीचे घाई करायचे. आवाज कधी आला यावरूनच मला कळायचं की हा माझा.

वीस गोळ्यांचा डाव. ध्वनिक्षेपकावर सांगितलं, सिक्स्टेन संपला, एकशे नव्वद. मग थोड्या वेळाने सांगितलं, कालेर्वो, एकोणीस गोळ्या, एकशे एक्याऐंशी, एक बाकी. दहा म्हणजे सोनं. नऊ म्हणजे बरोबरी आणि पुन्हा ती मेली फेरलढत.

मूस उजवीकडून निघाला. तिसरा खांब. धाड. गाडा खडखडत माझ्यासमोर येऊन थांबला.

भोक उजव्या बाजूला होतं. दहाच्या रेघेला लागून, पण रेघेच्या बाहेर. किती बाहेर म्हणाल तर केसभर. असं झालं की मापाची पितळी कांडी असते, ती भोकात घालायची. तिच्या कडेने रेघेला स्पर्श केला तर वरचे गुण. कांडी एकदाच घालायची असते, कारण तिने कागद सैल होतो, दुसऱ्यांदा घातली तर काहीही दिसेल. म्हणून ती सरळ घालायची, श्वास धरून. ओड्वारच्या चष्म्यावर धूळ उडाली होती. तो सदऱ्याला चष्मा पुसत होता आणि मला हाताने सांगत होता, घाला तुम्ही, घाला.

मी कांडी घातली आणि अंगठ्याने ती डावीकडे दाबली. जरासाच दाब. कागद आतल्या आत चुरचुरला, तो मला अंगठ्यात जाणवला. कड रेघेवर जाऊन बसली. ओड्वारने चष्मा लावला, वाकून बघितलं, मान हलवली आणि माझा खांदा थोपटला. मी दहाची तबकडी वर धरली. वर मैदानावर असा गलका झाला की भिंतीवरची माती खाली आली.

इथे सांगून टाकते, कारण मला हेच सगळ्यात जास्त खातं. नऊने तो हरत नव्हता. नऊने तो सिक्स्टेनबरोबर उभा राहत होता. मला तो जिंकेल असं वाटलं नाही. सगळा गाव त्याला चांदी म्हणायचा, आणि त्या घडीला मीही त्यांच्यातलीच एक झाले.

वर आले तेव्हा सिक्स्टेनने त्याला उचलून धरलं होतं. “शेवटी एकदाचं! शेवटी एकदाचं!” असं मोडक्या फिनिशमध्ये ओरडत होता. त्या माणसाच्या मनात कणभर आकस नव्हता. कालेर्वो हसत होता, पण डोळे कुठेतरी लांब. आर्मास माझ्याकडे धावत आला, वही नाचवत. “लेम्पी, ऐकलंस का? तुझा नवरा नऊ म्हणाला! नऊ, किंचित उजवीकडे! आणि आले दहा! जन्मात पहिल्यांदा चुकला, आणि चुकला तो असा!” तो खदाखदा हसत होता.

संध्याकाळी सौना, म्हणजे आमची वाफेची खोली, तापवला. सौनात भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही, हे आमच्यात लहानपणापासून शिकवतात. म्हणून असेल, तो तिथेच बोलला. फळीवर बसून, खाली बघत.

“अगं, मी नऊ म्हणालो होतो.”

“सांगितलं आर्मासने.”

“नुसतं म्हणालो नाही. मला दिसलं. सुटतानाच दिसलं, उजवीकडे गेली ती.” त्याने कपाळावरचा घाम पुसला. “खंदकात तू होतीस ना? रेघेला टेकली होती?”

“टेकली होती,” मी म्हणाले. “कांडी घातली. नॉर्वेच्या म्हाताऱ्यानेही बघितली.”

यातला एकही शब्द खोटा नव्हता बघा.

“मग ठीक,” तो म्हणाला. त्याने तापल्या दगडांवर पळीभर पाणी टाकलं. “मग माझंच काहीतरी बिघडलं.”

माझ्यावर संशय घ्यावा हे त्याच्या मनाला शिवलंच नाही हो. घेतला असता तर मी तिथल्या तिथे कबूल केलं असतं, आरडाओरडा करून कबूल केलं असतं. पण त्याने स्वतःवर घेतला. तोंडफाटकी बायको, सगळ्या जगाला फाडकन बोलणारी, ती कशाला खोटं सांगेल?

पुढच्या आठवड्यात तो सरावाला गेला. गोळी सुटली, आर्मास पेन्सिल धरून थांबला. “आठ,” कालेर्वो म्हणाला. मग म्हणाला, “की नऊ? थांब. माहीत नाही.” आले दहा. त्यानंतर सगळंच फिसकटलं. जो नुसतं बघून सांगायचा तो आता आठवून सांगायला लागला, आणि आठवून सांगितलेलं चुकतं. आर्मास म्हणाला, “अरे मरू दे, लागतंय ना नीट? बोलायचं कशाला?” पण कालेर्वोला ते पटण्यातलं नव्हतं.

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी मूसची शिकार सुरू होते. शिकारीत मूसला गोळी लागून तो पळाला तर नेमबाजाने म्होरक्याला सांगायचं असतं, कुठे लागली, छातीत की पोटात. त्यावरून ठरतं, कुत्रा लगेच सोडायचा की तासभर थांबायचं. चुकीचं सांगितलं तर तो बिचारा दोन दोन दिवस दलदलीत तडफडत राहतो. आदल्या दिवशी कालेर्वो आर्मासला म्हणाला, “मला जागा देऊ नकोस. आपली गोळी कुठे गेली हे ज्याला कळत नाही, त्याने रानात उभं राहू नये.” आर्मासने वाद घातला, शिव्या घातल्या. उपयोग शून्य.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. पहिल्या वर्षी म्हटलं, पेपरात येईल, बायकोने लबाडी करून नवऱ्याला जिंकवलं. पदक परत जाईल, आणि जन्मभर लोक त्याला चांदी सोडून चोर म्हणतील. दुसऱ्या वर्षी म्हटलं, एक वर्ष गप्प बसले ते कसं सांगू? तिसऱ्या वर्षी दोन वर्षांचं ओझं. असं करत करत एकोणीस वर्षं गेली. दर सप्टेंबरला आर्मास घरी यायचा, “काय रे, येतोस का यंदा?” विचारायला. दर वर्षी कालेर्वो म्हणायचा, “नको.” शिकारीच्या दिवसांत तो मागच्या अंगणात लाकडं फोडायचा. रानातून गोळीचा आवाज आला की कुऱ्हाड वरच्या वर थांबायची. दुसरा आवाज येतो का ते ऐकायचा. मग लाकूड फोडायचा. मी खिडकीतून बघत उभी असायचे.

सिक्स्टेन पंच्याऐंशी साली गेला. दर नाताळला त्याचं कार्ड यायचं, ‘माझ्या विजेत्याला’ असं लिहिलेलं. ते यायचं थांबलं.

ब्याण्णव सालच्या जूनमध्ये कालेर्वोच्या पोटात गाठ निघाली. जिल्ह्याच्या दवाखान्यात ठेवला. डॉक्टरीणबाई तरुण होती, तिने मला बाहेर बोलावून सांगितलं की पानगळीपर्यंत नेता आलं तर नशीब. आत आले तर तो उशीला टेकून बसला होता. दुपारचं लख्ख ऊन होतं. मी खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “कालेर्वो, ते नऊच होते. मी कांडी दाबली.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं ऐकू आलं नाही. मी पुन्हा म्हणाले.

“उजवीकडे?” त्याने विचारलं.

“उजवीकडे. किंचित.”

आणि तो हसला हो. असा हसला की मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. “बघ! म्हणालो होतो ना मी? मला दिसली होती! बघ, दिसली होती मला!” शेजारच्या खाटेवरच्या माणसालाही त्याने सांगितलं, “नऊ होते, बरं का. मी सांगितलं होतं.” त्या माणसाला काय कळणार, त्याने मान डोलावली.

मग हसू हळूहळू उतरलं. तो चादरीकडे बघून म्हणाला, “फेरलढतीत मी हरवलं असतं त्याला. त्या दिवशी हात चांगला होता.”

“मला माफ कर.”

“त्या रात्री सांगायचं होतंस, लेम्पी. मी आठवडाभर बोललो नसतो. मग शिकारीला गेलो असतो.” मी वाट बघत होते की आता ओरडेल. त्याने एवढंच विचारलं, “सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारला किती दिवस आहेत?”

“शहाण्णव.”

“आर्मासला सांग, यादीत माझं नाव घाल. आणि का ते तूच सांगायचंस. ते काम तुझं आहे.”

मी आर्मासला नाव घालायला सांगितलं. का ते सांगितलं नाही. म्हटलं, नंतर सांगू. आर्मासला वाटलं, मरणाऱ्या माणसाची इच्छा. तो बाहेरच्या पायऱ्यांवर बसून रडला आणि नाव घातलं.

कालेर्वोला आता घाई झाली होती. खिडकीसमोर दवाखान्याचं आवार होतं. तो बोट लांब करायचा आणि जे दिसेल त्याच्या पुढे पुढे न्यायचा. कावळा, सायकलवरची नर्स, ब्रेडची गाडी. बोट थांबवायचं नाही. जिभेने टक् करायचा आणि म्हणायचा, “नऊ, वर.” “दहा.” “दहा.” “आठ, मागे राहिलो.” एकदाही अडखळला नाही. मला म्हणायचा, “लिही गं.” मी डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर लिहायचे. ऑगस्टमध्ये हात उचलेना, तेव्हा नुसत्या डोळ्यांनी करायचा. शिकारीला अकरा दिवस राहिले असताना तो गेला.

त्या शनिवारी उजाडताना मी मंडळाच्या झोपडीवर गेले. सगळे जमले होते, नारिंगी टोप्या घालून, कुत्री दोऱ्या ताणत. आर्मासने यादी वाचली. कालेर्वोचं नाव त्याने खोडलं नव्हतं. ते वाचल्यावर सगळ्यांनी टोप्या काढल्या. तेव्हा मी पुढे झाले आणि सांगितलं. खंदक, कांडी, अंगठा, नऊ, सगळं. शेवटपर्यंत सांगितलं, मधे रडले नाही.

एक कुत्रं भुंकलं, त्याला मालकाने गप्प केलं. मी आर्मासकडे बघत होते. त्याने यादीची घडी घातली आणि खिशात ठेवली. तो पासष्टीचा होता, त्या सकाळी त्याहून म्हातारा दिसला.

“एकोणीस वर्षं मी तुमच्या स्वयंपाकघरात येऊन त्याला विचारत होतो,” तो म्हणाला. “तो नको म्हणायचा. आणि तू तिथेच उभी राहून आम्हाला कॉफी ओतायचीस.”

“हो,” मी म्हणाले.

त्याने टोपी घातली, माणसांना हाताने खूण केली आणि ते एकामागून एक रानात गेले.